पहिला वाढदिवस, चाळीस माणसं आणि सहा हजार रुपये

वाचकाचं पत्र: ताई, नमस्कार. मी सिडकोत राहते. मिस्टर अंबड एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहेत. फेब्रुवारीत आमच्या मुलाचा पहिला वाढदिवस आहे आणि तो नेमका रविवारी येतोय. माहेरचे, सासरचे, बिल्डिंगमधले आणि मिस्टरांचे दोन-चार मित्र धरून चाळीस माणसं होतात, त्यांत नऊ लहान मुलं. सासरची मंडळी सटाण्याहून येणार. केटरर पनीरची भाजी, पुरी, पुलाव आणि गुलाबजाम धरून माणशी अडीचशे सांगतो. आमच्या हातात सगळे मिळून सहा हजार आहेत. मिस्टर म्हणतात, कंपनीतून ॲडव्हान्स घेऊ. गेल्या वर्षी जाऊबाईंनी मुलीचा वाढदिवस गंगापूर रोडच्या हॉटेलात केला होता, त्यामुळे सासूबाईंना वाटतं की घरी साधं काही केलं तर लोक नावं ठेवतील. मला घरीच करायचंय, पण दोन शेगड्यांच्या गॅसवर चाळीस जणांचं जमेल का? काय करू? आणि रिटर्न गिफ्ट द्यावंच लागतं का? – एक वाचक, नाशिक

नमस्कार.

ॲडव्हान्स घेऊ नका, हे सगळ्यांत आधी सांगते. मूल वर्षाचं आहे. लसी, औषधं, कपडे, पुढे बालवाडी, सगळे खर्च आता सुरू होणार आहेत. त्यात पगारातून दर महिन्याला हप्ता कापून घ्यायचा आणि तो एका वेळच्या जेवणासाठी, हे मला अजिबात पटत नाही. सहा हजारांत चाळीस माणसं पोटभर आणि खुशीने जेवून जातील. दोन शेगड्यांवरही जमेल.

तुम्ही वेळ लिहिलेली नाही, पण केटररचा मेन्यू बघता कार्यक्रम संध्याकाळचा धरलेला दिसतो. माझं पहिलं सांगणं हेच, की वेळ बदला. रात्री आठला बोलावलं की पाहुणा पंगतीच्या अपेक्षेने येतो. दोन भाज्या, पुरी, वरण-भात, कोशिंबीर, गोड. यातलं एखादं नसलं तरी ताट रिकामं दिसतं आणि वाढणाऱ्याला उगाच ओशाळल्यासारखं होतं. तेच रविवारी सकाळी साडेदहाला बोलावलं, तर मिसळ-पाव हा नाशिकमध्ये राजमान्य बेत आहे. रविवारी सकाळी इथले लोक घरात नाश्ता असताना गाडी काढून मुलाबाळांसकट मळ्यातली मिसळ खायला जातात. ती तुमच्या घरी मिळाली तर कोणाला वाईट वाटणार आहे? शिवाय वर्षाचं मूल संध्याकाळी किरकिरतं, सकाळी आंघोळ-दूध झालं की ताजंतवानं असतं. फोटोही चांगले येतील.

तेव्हा बेत असा ठेवा: मिसळ, पाव, पापड, दही, जोडीला मसालेभात आणि ताक, म्हणजे सटाण्याहून आलेल्यांचं दुपारचं जेवणही झालं, गोडाला शिरा, आणि एक किलोचा केक. बस. याहून एकही पदार्थ वाढवू नका. घरच्या कार्यक्रमात बजेट कोलमडतं ते पदार्थांच्या संख्येमुळे. प्रत्येक पदार्थाला वेगळं तेल, वेगळा मसाला, वेगळं भांडं लागतं आणि प्रत्येकातलं थोडं थोडं उरतं. मिसळ मनसोक्त असू द्या. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा रस्सा मागणाऱ्याला हसतमुखाने वाढता आला पाहिजे.

पनीरचा मोह सोडा. एका किलोत जेमतेम दहा-बारा माणसं होतात, आणि त्याच पैशात अडीच-तीन किलो मटकी येते. बाजारात फारच स्वस्त मिळणारं सुटं पनीर बरेचदा दुधाच्या फॅटऐवजी वनस्पती तेल घालून केलेलं असतं. ते लहान मुलांच्या आणि म्हाताऱ्या माणसांच्या ताटात वाढण्यापेक्षा न केलेलं बरं.

आता सासूबाई. त्यांना वाटणारी धास्ती मी समजू शकते. दोन सुनांच्या घरचे कार्यक्रम नातेवाईक शेजारी शेजारी ठेवून बघतात आणि त्याची बोलणी शेवटी सासूलाच ऐकावी लागतात. म्हणून त्यांच्याशी वाद घालू नका, रस्सा त्यांच्या ताब्यात द्या. सटाणा-बागलाणातल्या बाईच्या हातचा काळा मसाला असताना तुम्ही पाकिटातला कशाला आणता? ‘आई, मसाला तुमच्या हातचा हवा, चाळीस माणसांचा अंदाज मला येणार नाही,’ असं आत्ताच सांगून ठेवा. नंतर पाहुण्यांनी रश्श्याचं कौतुक केलं की ते त्यांच्या पदरात पडू द्या. जाऊबाईंच्या हॉटेलचा विषय तुम्ही स्वतःहून काढू नका. जाऊबाईंना आदल्या दिवशीच बोलावून घ्या आणि शिऱ्याचं काम सांगा.

प्रमाण नीट लिहून घ्या, कारण घरच्या कार्यक्रमात अंदाज चुकतो तो इथेच. मोठी एकतीस आणि मुलं नऊ धरून कोरडी मटकी दोन किलो पुरते. मोड आले की ती दुपटीहून जास्त होते. त्यात दीड किलो बटाटे उकडून, फोडी करून घाला. फरसाण अडीच किलो, पाव एकशेवीस. मोठ्या माणसाला तीन धरले तर त्र्याण्णव होतात, मुलांचे पंधरा-वीस, आणि थोडे हाताशी. पाव बेकरीत शुक्रवारीच सांगून ठेवा. रविवारी सकाळी आयत्या वेळी गेलात तर एवढे मिळायचे नाहीत. रस्सा बारा-तेरा लिटर लागतो. हा आकडा ऐकून दचकू नका, माणशी दोन वाट्या धरल्या तरी तिथपर्यंत जातोच. त्यासाठी वाटणाला अडीच किलो कांदा, अर्धा किलो सुकं खोबरं, पाव किलो लसूण, दीडशे ग्रॅम आलं आणि साधारण लिटरभर तेल. वरून घालायला किलोभर कांदा, पंधरा लिंबं, दोन-तीन जुड्या कोथिंबीर. पापड पन्नास.

कांद्याबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण रस्सा त्याच्यावरच उभा राहतो. फेब्रुवारीत आपल्याकडे बाजारात लाल आणि रांगडा कांदा असतो. उन्हाळ कांदा यायला अजून महिना-दीड महिना अवकाश असतो. या कांद्यात पाणी जास्त. कापून तसाच कढईत टाकला तर तो भाजला न जाता स्वतःच्या पाण्यात शिजतो, वाटण फिकं पडतं आणि रस्सा गोडसर लागतो. त्यावर उपाय सोपा आहे. शनिवारी सकाळी कांदा उभा पातळ चिरा, गच्चीवर स्वच्छ कापडावर पसरा आणि दोन-तीन तास ऊन खाऊ द्या. मग थोड्या तेलात, एका वेळी अर्धा किलोच, कडा काळपट होईपर्यंत परता. अडीच किलो एकदम कढईत लोटू नका. खोबरं वेगळं भाजा, तपकिरी झालं की लगेच काढा, कारण जळालेलं खोबरं संपूर्ण पातेलं कडू करतं. आलं-लसूण शेवटी घालून सगळं थंड झाल्यावर अगदी कमी पाण्यात बारीक वाटा. हे वाटण शनिवारी संध्याकाळी तयार करून फ्रीजमध्ये ठेवलं की रविवारचं निम्मं काम उरकलं.

रविवारी सकाळी पातेल्यात तेल चांगलं तापवून वाटण घाला आणि तेल सुटेपर्यंत परता. इथे घाई करू नका, पंधरा-वीस मिनिटं लागतात. मग आच कमी करून तिखट आणि काळा मसाला घाला, पाठोपाठ वाटीभर गरम पाणी. तिखट तेलात नुसतं राहिलं की करपतं आणि रंग जातो. बाकीचं पाणीही उकळतंच घाला म्हणजे तर्री वर छान येते. मीठ हात राखून घाला, कारण वरून फरसाण येणार आहे आणि त्यात मीठ असतंच. रस्सा आठपर्यंत उकळून तयार ठेवला तर अकरापर्यंत मुरतो आणि वाढण्याआधी फक्त पुन्हा उकळी आणायची राहते.

मटकी रश्श्यात शिजवू नका. वेगळी, नुसत्या हिंग-हळदीच्या फोडणीवर, थोडं पाणी घालून झाकणाखाली शिजवा. कुकर नको, लगदा होतो. वेगळी असली की लहान मुलांना मटकी-बटाटा-दही-पाव देता येतं, तिखट न चालणाऱ्या आजोबांना चमचाभरच रस्सा देता येतो आणि मिस्टरांच्या मित्रांना हवी तेवढी तर्री. मटकी शुक्रवारी सकाळी भरपूर पाण्यात भिजवा, रात्री उपसून फडक्यात बांधा. एकच मोठं गाठोडं करू नका, आतली मटकी गरम होऊन चिकट होते आणि वास येतो. तीन पुरचुंड्या करा. फेब्रुवारीत आपल्याकडे रात्री अजून गार असतात, तेव्हा पुरचुंड्या स्वयंपाकघरातच झाकून ठेवा. शनिवारी संध्याकाळपर्यंत छोटे मोड येतात आणि मिसळीला तेवढेच हवेत. मग लगेच फ्रीजमध्ये. त्यातला चौथा हिस्सा कच्चाच बाजूला राहू द्या, अकरा वाजता माणसं बघून शिजवा. उरली तर सोमवारी डब्याला उसळ होईल.

मसालेभाताला दोन किलो तांदूळ पुरे, कारण मिसळीनंतर भात थोडाच खाल्ला जातो. इगतपुरी-घोटीकडचा इंद्रायणी घरात असेल तर तो यासाठी वापरू नका. चवीला सुरेख असतो, पण मोठ्या पातेल्यात त्याचा गोळा होतो. कोलम घ्या. मटार आणि फ्लॉवर या दिवसांत स्वस्त असतात, तेच घाला. भात सगळ्यांत शेवटी, दहाच्या सुमारास चढवा. शिजलेला भात तासन्‌तास बाहेर ठेवणं पोटाला चांगलं नाही. दही शनिवारी रात्री साडेतीन लिटर दुधाचं लावा, कोमट असताना विरजण घालून पातेलं टॉवेलमध्ये गुंडाळा, नाहीतर गारठ्यात सकाळपर्यंत लागणार नाही. त्यातलं निम्मं मिसळीवर, निम्म्याचं ताक.

शिऱ्याला एक किलो रवा, एक किलो साखर, अर्धा किलो तूप, निम्मं दूध निम्मं पाणी असं अडीच लिटर, पाच-सहा पिकलेली केळी, वेलदोडे. दोन घाण्यांत करा, घरच्या कढईत किलोभर रवा एकदम परतला जात नाही, खाली लागतो. तुपात मात्र काटकसर करू नका. या सगळ्या बेतात कुठे हात सैल सोडायचा तर तो इथे.

हे सगळं मी आजच्या भावाने मांडून बघितलं. केक, भांड्यांचं भाडं आणि किरकोळ धरून साडेचार ते पाच हजारांत बसतं. उरलेले हजार मोडू नका. ऐन वेळी पाव, दूध किंवा सिलिंडर संपलं तर तेच कामाला येतील.

खरेदीसाठी बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या बाजारात जाऊन या. कांदा, लसूण, आलं, बटाटे तिथूनच घ्या, रविवारपर्यंत व्यवस्थित राहतात. मटार, फ्लॉवर, कोथिंबीर शनिवारी संध्याकाळी पवननगरच्या भाजी मार्केटात. मटकी, खोबरं, रवा, साखर, तांदूळ एकाच किराणा दुकानातून घ्या आणि यादी आधी देऊन भाव विचारा. एकदम माल घेणाऱ्याला दुकानदार थोडं कमी करतो. फरसाण मात्र चाखून घ्या. जुन्या तेलाचा वास येत असेल तर कितीही स्वस्त असलं तरी नको. थर्माकोलच्या ताट-वाट्या कोणी सुचवल्या तर सरळ नाही म्हणा, महाराष्ट्रात 2018 पासून त्यांच्यावर बंदी आहे. मिसळीला खोलगट भांडं लागतं. भांडी भाड्याने देणाऱ्याकडून स्टीलच्या वाडग्यांचा आणि ताटल्यांचा भाव विचारा. चाळीसच्या संख्येला ते परवडतं आणि गरम रस्सा हातात सांडण्याची भीती नाही. धुवायला कामवाल्या मावशींना आधी सांगून ठेवा आणि त्यांचे पैसे या सहा हजारांतच धरा. त्यांनाही ताट वाढून द्या. रश्श्याचं मोठं पातेलं त्याच दुकानातून.

दोन शेगड्यांचं असं करा: साडेसहाला रस्सा आणि बटाटे, आठला मटकी, दहाला भात. शिरा शेजारच्या वहिनींच्या गॅसवर करा. त्यांना विचारायला लाजू नका. बिल्डिंगमधल्या बायकांना बोलावणारच आहात, तर त्यातल्या दोघींना सकाळी तासभर आधी बोलवा. पापड भाजणं, कांदा चिरणं, लिंबं कापणं ही कामं गप्पा मारत होऊन जातात. माहेरची मावशी किंवा आत्या फोनवर ‘काही आणू का गं?’ म्हणतेच. तेव्हा ‘नको नको’ म्हणू नका. ‘किलोभर जिलेबी आण’ म्हणा. मिसळीबरोबर जिलेबी हवीच असते, आणि तिलाही आपला हातभार लागल्याचं समाधान मिळतं.

लहान मुलांच्या बाबतीत एक गोष्ट फार काळजीने सांगते. फेब्रुवारीत द्राक्षं भरपूर असतात आणि कोणीतरी ती आणेलच. पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खं द्राक्ष कधीही देऊ नका. ते गुळगुळीत आणि गोल असतं, नेमकं श्वासनलिकेत अडकतं. उभे चार तुकडे करूनच द्या. फरसाणातले शेंगदाणेही लहानग्यांच्या हाती लागू देऊ नका. वाढदिवसाच्या गडबडीत मूल या मांडीवरून त्या मांडीवर जातं आणि कोणी काय भरवलं ते आईला कळतही नाही. म्हणून बाळाचा वरण-भात वेगळ्या वाटीत काढून ठेवा आणि भरवायचं काम एकाच माणसाकडे द्या, तुमच्या आईकडे किंवा सासूबाईंकडे. द्राक्षं आणली तर मिठाच्या पाण्यात पंधरा मिनिटं ठेवून दोन-तीनदा खळखळून धुवा, बागेत फवारण्या बऱ्याच होतात. बाजारात घडांपासून सुटलेले मणी वेगळे आणि बरेच स्वस्त मिळतात. चवीला तेच, आणि मोठ्यांना वाटीत द्यायला चांगले.

त्या दिवशी चतुर्थी किंवा एकादशी आहे का ते दिनदर्शिकेत आत्ताच बघून ठेवा. असेल तर उपवासाच्या माणसांपुरती भगर आणि दाण्याची आमटी करा, अर्धा किलो भगरीत सात-आठ जण जेवतात.

आणि रिटर्न गिफ्ट. देऊ नका. वर्षाच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या नऊ मुलांना दिलेली प्लॅस्टिकची खेळणी रिक्षातच मोडतात, आणि हजार-दीड हजार त्यातच जातात. सासूबाईंचा फारच आग्रह झाला तर मुलांना एकेक चित्रकलेची वही आणि खडूंची छोटी पेटी द्या, मोठ्यांना काही नाही. निमंत्रणाच्या मेसेजमध्ये मात्र वेळ ठळक लिहा, ‘सकाळी साडेदहा, मिसळ-पावाचा बेत’ असा. काय मिळणार हे आधीच कळलं की पाहुणे तशाच भुकेने येतात, आणि घरून नाश्ता करून आलेल्या चार माणसांसाठी तुम्हाला वेगळा विचार करावा लागत नाही.